सतरा नंबरची हाजरी

आमच्या घराण्यात खोटं बोलणं हा धंदा कधीच नव्हता, निव्वळ शौक होता. कंधारच्या किल्ल्याच्या खंदकात माझ्या आजोबांनी एक मगर पाहिली होती. तिचं तोंड दरवाज्याशी पोचलं तरी शेपूट अजून मागच्या बुरुजाला वळसा घालत होतं, असं ते शपथेवर सांगत. वडिलांनी त्या मगरीला नथ घातली. माझ्या वाट्याला आली तेव्हा ती उर्दू बोलायला लागली होती. तेव्हा मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं वजा करून घ्यायला माझी काही हरकत नाही. मात्र त्यात एक आकडा येईल, एकोणीस. तो तेवढा आहे तसा राहू द्या.

शाळा निजामाच्या राज्यातली. गुरुवारी अर्धी, शुक्रवारी बंद. शिकायचं उर्दूत, भांडायचं मराठीत, आणि मार कोणत्याही भाषेत मिळायचा. मी तेव्हा सातवीला होतो. सातवी संपली की नांदेडला जाऊन मिडलची परीक्षा द्यायची. मिडल पास माणूस पटवारी व्हायचा, मास्तर व्हायचा, कचेरीत कारकून व्हायचा. आमच्या गल्लीत एकच मिडल पास होता आणि तो निघाला की म्हशी आपणहून रस्ता सोडायच्या.

वर्गात माझा नंबर सोळा. माझ्या शेजारी सतरा. त्याला सगळे सतराच म्हणत, त्याची आईसुद्धा त्याच नावानं हाक मारत असावी असा माझा बरेच दिवस समज होता. मन्याडच्या काठच्या एका खेड्यातून तो रोज पायी यायचा. आता मी लातूरला असतो, तिथल्या लोकांना सांगताना मी ते अंतर सात कोस सांगतो. खरं ते दोन कोस आहे. पण दोन कोस सकाळी आणि दोन कोस संध्याकाळी, पायात काही नसताना, हेही काही थोडं नव्हे. हिशेबात तो असा होता की मास्तर फळ्यावर गणित लिहीत असतानाच त्याच्या पाटीवर उत्तर असायचं. मी त्याच्या पाटीवरून उतरवायचो. बदल्यात त्याला गोष्टी सांगायचो. त्याला मगरीची पटायची नाही, पण परत परत सांगायला लावायचा.

हाजरी मौलवीसाहेब घ्यायचे. त्यांचे डोळे अधू झाले होते. हाजरीपट नाकाला लावला की त्यांना दिसायचा, दोन हातांच्या पलीकडे सगळं धुकं. साऱ्या वर्गाला हे ठाऊक होतं आणि वर्गाबाहेर कुणी एक शब्द बोलत नव्हतं, कारण त्यांनी आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती. त्यांची नोकरी गेली असती तर त्यांच्या जागी कोण आला असता याची आम्हाला धास्ती होती. चेहरे दिसत नसल्यामुळे ते हाजरी कानांनी घेत. चाळीस पोरांचे चाळीस आवाज त्यांना पाठ होते. कुणी नुसतं खाकरलं तरी "तेईस, बाहर जाके थूको" म्हणायचे.

आणि माझ्या गळ्यात चौदा माणसं राहत होती. तहसीलदार, त्यांचा चपराशी, आमचा न्हावी, देगलूरहून येणारा तेलुगू बोलणारा बांगडीवाला, सगळे. एकदा मी दारामागून म्हशीचा आवाज काढला तर मौलवीसाहेब वर न बघता म्हणाले, "बैठ जाओ." ही गोष्ट मी लातूरला सांगतो तेव्हा म्हैस खरोखर बसते.

आता हेडमास्तरांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं.

कोणतं पोर शाळा सोडणार हे हेडमास्तरांना त्या पोराच्या आधी कळायचं. दाराजवळ बसायला लागलेलं पोर ते हेरायचे. बोरूला टोक करायचं सोडलेलं पोर हेरायचे. जागेवरून भांडणारा एकदम भांडायचा थांबला तर त्याला बोलावून घरची चौकशी करायचे. पण त्यांचा खरा भरवसा हाजरीपटावर होता. दर गुरुवारी शाळा सुटली की ते मौलवीसाहेबांकडून पट मागवत. ज्याच्या नावापुढे ओळीनं तीन दिवस गैरहाजर, तिथं लाल पेन्सिलीची खूण. मग काखेत छत्री मारून ते त्या पोराच्या घरी निघत. ऊन असो, पाऊस असो, छत्री उघडलेली कुणी पाहिली नाही.

घरी जाऊन ते काय करत, तर काहीच नाही. ओट्यावर बसत. घरचे पाण्याचा तांब्या आणून ठेवत. तांब्याला ते हात लावत नसत.

पहिल्या पहिल्यांदा लोकांना वाटलं, बामण आहेत, आपल्या घरचं पाणी कसं पितील. मग लोकांना उलगडा झाला. "पोरगं शाळेच्या वाटेला लागलं की पितो," म्हणून ते सांगत आणि बसून राहत. दारात आलेला माणूस, तोही हेडमास्तर, घशाला कोरड पडून ओट्यावर बसलाय, समोर भरला तांब्या आहे आणि साऱ्या गल्लीनं ते पाहिलंय. कोणत्या घरानं हे किती वेळ सोसावं? तासाभरात बाप पोराच्या मानगुटीला धरून बाहेर काढायचा. पोर पाटी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलं की हेडमास्तर तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायचे. चांभाराच्या घरीही प्यायले. त्यावरून गावात चार महिने कुजबुज चालली. त्यांनी ती ऐकली की नाही कुणास ठाऊक. पुढच्या गुरुवारी पुन्हा छत्री काखेत होती.

असं त्यांनी किती पोरांना परत आणलं ते मी सांगत नाही. माझ्या तोंडी तो आकडा हजारात जाईल.

माघाचे दिवस होते. मिडलच्या परीक्षेला अडीच-तीन महिने उरले होते. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर सतरानं मला वेशीपाशी थांबवलं.

"अय, दोन दिस माझी हाजरी बोल."

"का रं?"

"थोरल्याचा पाय मोडला. कडब्याच्या गंजीवरून पडला. मोटंवर कुणी न्हाई अन् गहू वाळून चाललाय. दोन दिसात गडी मिळंल, मग मी येतो."

"मग राहा की गैरहाजर. दोन दिवसांनी काय जातंय?"

"चार वर्षांत माझी एक बी गैरहाजरी न्हाई," तो म्हणाला. "पट कोरा हाय माझा."

"आणि मी धरलो गेलो तर?"

"तू? तुला तुझी माय तरी वळखती का आवाजावरनं?"

दुसऱ्या दिवशी मौलवीसाहेबांनी पुकारलं, "सोला."

"हाजिर जनाब." हा मी.

"सत्रा."

"हाजिर जनाब." हाही मीच, पण जरा खालच्या पट्टीत, शेवटचा शब्द गिळून, तो गिळायचा तसा. मौलवीसाहेबांचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं. मागच्या बाकावरून कुणीतरी फुसकन हसलं. मधल्या सुट्टीत पोरांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

"अय सोळा, उद्या तू बी येऊ नको. सतरा एकटाच तुमच्या दोघांची बोलंल."

"सतराच्या नावानं मार बी तूच खा मग."

दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशीही तो आला नाही. बोट सतराव्या ओळीवर आलं आणि मी बोललो. कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं दोन दिवसांचं. पण आवाज छान जमला होता, वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि त्याचा पट कोरा राहतोय तर राहू दे, असं काहीतरी मनात असेल. खरं म्हणजे मनात काय होतं ते मला आठवत नाही. जागा आठवते, भिंतीवरचं ओल धरलेलं निजामाचं चित्र आठवतं, मन आठवत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी मला सुचलं की दिवसभर बैलांना हाका मारून सतराचा आवाज बसला असेल. म्हणून मी त्याचा बसलेला आवाज काढला. मौलवीसाहेबांचं बोट थांबलं.

"सत्रा, गला बैठ गया?"

"जी जनाब."

दुसऱ्या दिवशी हाजरी झाल्यावर त्यांनी शेरवानीच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि धुक्याकडे हात पुढे केला. "सत्रा, आओ. मुलेठी है. चबाके रस निगलो." मुलेठी म्हणजे आपलं ज्येष्ठमध. मी उठलो, सतरासारखा जरा पाय ओढत चालत गेलो आणि पुडी घेतली. जागेवर येऊन चघळली. गोड लागली. वर्ग हसून हसून बाकाखाली गेला होता.

मग ते रोज विचारायचे, "सत्रा, अब कैसा है?" मी रोज थोडा थोडा बरा होत गेलो.

गुरुवार आले आणि गेले. दर गुरुवारी पट हेडमास्तरांच्या टेबलावर जायचा, लाल पेन्सिल कुणाकुणाच्या ओळीवर थांबायची, सतराव्या ओळीवरून सरळ पुढे जायची. माझ्या खिडकीखालून छत्री जाताना मी पाहायचो. ती मन्याडच्या बाजूला कधी वळली नाही. ती का वळत नाही हे साऱ्या कंधारात माझ्याइतकं नीट कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मला ते ठाऊक आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. हे कसं होतं ते मला विचारू नका. मी स्वतः विचारून पाहिलं आहे.

शुक्रवारी मी त्याच्या गावाला जाऊ शकलो असतो. गेलो नाही. किल्ल्यावर पतंग उडवले. माझ्या पायाला दोन कोस फार होते, जिभेला सात कोसही थोडेच.

विसाव्या दिवशी सकाळी हेडमास्तर स्वतः वर्गात आले. काखेत छत्रीच्या जागी हाजरीपट होता. मौलवीसाहेब उठून उभे राहिले. हेडमास्तर म्हणाले, "मिडलच्या फॉर्मांसाठी पट बघत होतो. या वर्गात एक मुलगा दोन कोस चालत येतो आणि त्याची चार वर्षांत एकही गैरहाजरी नाही. कंधारात राहणाऱ्यांनी जरा लाज वाटून घ्या. सतरा नंबर, उभा राहा."

वर्गातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"सतरा?"

तेव्हा माझ्या गळ्यातून त्याचा आवाज निघाला. "हाजिर जनाब." मी काढला नाही. निघाला. एकोणीस दिवसांच्या सवयीनं तो आकडा ऐकला की यायचा तसा आला. हेडमास्तरांचे डोळे चांगले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग मौलवीसाहेबांकडे. मौलवीसाहेब त्या जागेच्या दिशेनं मान डोलावत हसत होते. त्यांना तिथं सतरा उभा दिसत होता.

मला वाटलं होतं आता छडी येईल. छडीची मी तयारीही केली होती, तळहात पँटला पुसले होते.

"किती दिवस?" हेडमास्तरांनी विचारलं.

"एकोणीस."

"चल," ते म्हणाले. मौलवीसाहेबांना त्यांनी त्या वेळी काही सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितल्याचं मला माहीत नाही.

दारातून छत्री घेताना त्यांनी कारण विचारलं, मी थोरल्याच्या पायाचं आणि मोटेचं सांगितलं. मग दोन कोस आम्ही चाललो. ऊन तापायला लागलं होतं. छत्री मिटलेली. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही, जे माझ्या बाबतीत याआधी फक्त झोपेत घडलं होतं. मन्याड ओलांडली. दोन्ही बाजूंना गहू होता, हिरवा, ओंब्या भरलेला. त्याला पाणी पुरेपूर मिळालेलं दिसत होतं.

सतराचा बाप दारातच सुतळी वळत बसला होता. हेडमास्तरांना पाहून तो उठला, घोंगडी झटकून अंथरली. "या मास्तर. बसा."

हेडमास्तर बसले. मी खांबाला धरून उभा राहिलो. बाप आत गेला. दारातून मला दिसत होतं. पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून पाटी ठेवली होती. तिच्या कडेला कोपऱ्यात ब्लेडनं कोरलेला सतराचा आकडा होता. तो मीच कोरून दिला होता, त्यानं माझ्या पाटीवर सोळा कोरला त्याच्या बदल्यात. बापानं पाटी उचलून बाजूला ठेवली, तांब्या भरला, पाटी परत रांजणावर ठेवली आणि तांब्या आणून हेडमास्तरांपुढे ठेवला.

हेडमास्तरांनी हात लावला नाही. "मुलगा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"लातूरला गेला की. त्याचा मामा हाय तिथं, जिनिंगमधी. थोरल्याचा पाय बघाय आला हुता, त्याच्यासंग गेला. चार रोज झाले."

"मोटेवर होता ना?"

"हाव, हुता. गडी न्हाई मिळाला. पण गव्हाचं पाणी आवरलं त्याला पाच रोज झाले. मी म्हणलं, जा आता शाळंत. न्हाई म्हणला." बाप खाली बसला. "लई वाट पायली मास्तर त्यानं तुमची. मोटंवरून रस्ता दिसतो. गुरुवार आला की बैल थांबवून बघायचा. म्हणायचा, दोस्ताला दोनच दिसाची हाजरी सांगितलीया, त्याच्या फुडं लाल खूण व्हणारच. मास्तर सगळ्यांच्या घरी जातेत, आपल्या बी येतील. मी त्याच्या मायला सांगून ठेवलं हुतं, तांब्या घासून ठेव."

हेडमास्तरांनी तांब्याकडे पाहिलं.

"तीन गुरुवार गेले. मग म्हणला, आपलं नाव काटलं असंल. मास्तरला आपल्यात काय दिसलं नसंल. आता कोणत्या तोंडानं जाऊ." बापानं सुतळी परत हातात घेतली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसंही मला काही वाटलं नाही. "आमच्या भावकीत कोण शिकलंय मास्तर. तुम्ही वट्यावर बसला असता, तर मला बी चार लोकांत सांगायला झालं असतं, की पोरगं मास्तर मागतेत म्हणून पाठवतो. ते बी आता ऱ्हायलं."

"चूक माझी," हेडमास्तर म्हणाले. "मी यायला पाहिजे होतं."

मी खांबापाशी होतो. माझ्या गळ्यात चौदा माणसं राहत होती. त्यातला एकही बोलला नाही.

"परीक्षेला दीड-दोन महिने आहेत," हेडमास्तर म्हणाले. "मी फॉर्म भरून ठेवतो. तुम्ही त्याला निरोप धाडा. तयारीचं मी बघतो, माझ्या घरी राहील."

"धाडतो की," बाप म्हणाला. "पण न्हाई यायचा तो. मला ठाऊक हाय त्याचं. एकदा मनानं सोडलं की सोडलं."

हेडमास्तर तसेच बसून राहिले. बराच वेळ गेला. शेजारच्या बायका कुडाशी येऊन उभ्या राहिल्या, हेडमास्तर आलेत म्हटल्यावर काय होतं ते बघायला. रस्त्याला कुणी लागलं नव्हतं, लागणार नव्हतं.

मग तांब्या उचलून हेडमास्तर पाणी प्यायले. सगळं प्यायले. तांब्या खाली ठेवला, हात जोडले, उठले.

येताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "उद्यापासून मौलवीसाहेबांच्या शेजारी उभा राहून हाजरी तू घ्यायची. चेहरे बघून." मी घेतली. परीक्षेपर्यंत रोज सतराव्या ओळीत माझ्या हातानं गैरहाजर लिहिलं. मौलवीसाहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं, "सत्रा का गला फिर खराब हुआ क्या?" मी म्हणालो, "जी जनाब." शेरवानीच्या खिशातली पुडी त्यांनी तशीच ठेवली असणार, कारण वर्ष संपेपर्यंत त्यांच्या जवळ उभं राहिलं की ज्येष्ठमधाचा वास यायचा.

चैत्रात आम्ही नांदेडला परीक्षेला गेलो. हेडमास्तरांनी खरोखर फॉर्म भरला होता. माझ्या शेजारच्या बाकावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्याचं नाव होतं. रस्त्याकडे तोंड करून हेडमास्तर बाहेर झाडाखाली उभे होते. लातूरहून येणाऱ्या मोटारीची वेळ त्यांनी आधीच विचारून ठेवली होती. मोटार आली, माणसं उतरली, धूळ बसली.

आत परीक्षकांनी कचेरीच्या रीतीप्रमाणे त्याचं नाव तीनदा पुकारलं. माझा घसा पहिल्या पुकाऱ्याला हलला. मी दात आवळले. दुसऱ्याला हलला. तिसऱ्याला नाही.

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं. पेपर वाटले. पहिलाच सवाल व्याजाचा होता. मी सवयीनं शेजारी पाहिलं, आणि मग स्वतः सोडवायला घेतला. बराच वेळ लागला. चुकला.